शेवटच्या स्टेशनावरचा वाचक

कसाऱ्यात राहणाऱ्या माणसाला ‘शेवटचे स्टेशन’ हे शब्द ऐकण्याची सवय होऊन जाते. मुंबईची लोकल इथे येऊन संपते. पुढे थळ घाट. दर ३७ फुटांमागे १ फूट चढ असलेला हा घाट एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून इगतपुरीकडे जाणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जास्तीची इंजिने लावतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. माझे यजमान बँकरवर ड्रायव्हर होते. लग्न होऊन १९८५ साली मी इथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले आणि त्यांच्या निवृत्तीनंतरही आम्ही गाव सोडले नाही. मी स्वतः लाइनीवरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. ३२ वर्षे रोज लोकलने खाली उतरले आणि वर आले. मी निवृत्त झाले ती २०२० च्या मे महिन्यात, ऐन टाळेबंदीत. निरोप समारंभ नाही, शाल-नारळ नाही. ग्रंथालयाच्या कपाटांच्या किल्ल्या पुढे कित्येक महिने आमच्याच घरी खुंटीला लटकत होत्या.

त्या किल्ल्यांची आठवण निघायचे कारण २०२५ च्या मे महिन्यात घडले. संध्याकाळी मी ओट्यावर भाजी निवडत बसले होते. स्टेशनावर करवंदे विकणारी एक ठाकर बाई माझ्या चांगल्या ओळखीची आहे. पाटी रिकामी झाली की घरी जाण्याआधी ती आमच्याकडे पाणी प्यायला थांबते. त्या दिवशी तिची मुलगीही बरोबर होती. ही पोर घाटाच्या अंगाला असलेल्या पाड्यावरून रोज स्टेशन गाठते आणि माझ्याच जुन्या कॉलेजात भूगोल घेऊन एम.ए. करते. तिने दप्तरातून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला.

“मॅडम, तुम्ही लायब्ररीत होतात ना? मग हे कसं उघडायचं ते सांगा.”

एका परदेशी संशोधनपत्रिकेतला लेख होता. विषय, ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या बायका आणि पाणी. मुलीच्या प्रकल्पाचा विषय नेमका तोच. दहा ओळींचा सारांश दिसत होता आणि त्याखाली रंगीत चौकट होती. संपूर्ण लेख हवा असेल तर ३९ डॉलर.

आम्ही हिशेब केला. तेहतीसशे रुपयांच्या वर आकडा गेला. मुलीची आई पदराने तोंड पुसत ऐकत होती. करवंदांचा द्रोण ती दहा रुपयांना विकते. “म्हणजे तीनशे तीस द्रोण,” ती म्हणाली. “एवढी करवंदा तर अख्ख्या डोंगराला लागायची नाय.” मग थोडे थांबून तिने विचारले, “बाई, ह्यात आमच्यावरच लिहिलंय ना? मग वाचायला आमाला कशाला पैसे?”

ग्रंथालयशास्त्राच्या दोन पदव्या माझ्याजवळ आहेत. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्यांत मला सापडले नाही.

*

आमच्या शहापूर तालुक्याला हा प्रश्न तसा नवा नाही. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण याच तालुक्यात आहे. भातसाही इथलेच, आणि आज मुंबई जे पाणी पिते त्यात जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. जाड जाड नळ आमच्या माणसांच्या अंगणावरून मुंबईला जातात आणि मे महिन्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. डोंगर आमचा, पाऊस आमचा, पाणी मात्र नळातून पुढे गेलेले. संशोधनाचेही तसेच काहीसे होते. माणसे येतात, प्रश्न विचारतात, वहीत उतरवून नेतात. लेख कुठेतरी छापला जातो. ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्यापर्यंत तो परत येत नाही.

हे कुलूप कोणी लावले, असे तुम्ही विचाराल. लंडनच्या रॉयल सोसायटीची संशोधनपत्रिका १६६५ साली निघाली, तेव्हापासून शास्त्रज्ञ आपले काम अशा पत्रिकांतून एकमेकांना कळवत आले आहेत. लेखकाला अशा लेखाचे मानधन सहसा मिळत नाही. लेख तपासणारे जाणकारही बहुतेक वेळा विनामोबदलाच काम करतात. छापणारी संस्था मात्र पत्रिका विकते आणि तिचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे विद्यापीठांची आणि कॉलेजांची ग्रंथालये. वर्गणी दर वर्षी वाढत गेली. माझ्या नोकरीच्या काळात काही परदेशी पत्रिकांची एका वर्षाची वर्गणी आमच्या ग्रंथालयाच्या वर्षभराच्या पुस्तकखरेदीपेक्षा जास्त असे. मी सूचीपत्रे चाळायची आणि बाजूला ठेवून द्यायची.

कागदाच्या दिवसांत एक बरे होते. घेतलेला अंक कपाटात राहायचा. वर्गणी बंद केली तरी जुने अंक कुणी काढून नेत नसे. आता ग्रंथालय अंक विकत घेत नाही, तो वाचायची परवानगी विकत घेते. मुदत संपली की दार बंद. आणि हे दार माणूस पाहून उघडत नाही, पत्ता पाहून उघडते. कॉलेजच्या आवारातल्या संगणकावरून लेख मागितला तर पलीकडचे यंत्र त्या संगणकाचा क्रमांक ओळखते आणि लेख देते. तोच लेख कसाऱ्याच्या ओट्यावरून मागितला तर ३९ डॉलर.

*

मला माझे दिवस आठवले. १९९१ साली, नोकरी सांभाळून, मी एम.लिब.चा अभ्यास सुरू केला. रजेच्या दिवशी पहाटेची लोकल धरायची. कसारा ते व्हीटी सुमारे १२० किलोमीटर, अडीच तासांचा प्रवास. आता लक्षात येते, की ही सगळी वाट ग्रंथालयांच्या इतिहासातूनच जाते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. म्हणजे थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला पोहोचायच्या एक वर्ष आधी कल्याणच्या लोकांनी वाचनालय काढले होते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. आणि प्रवासाच्या शेवटी, व्हीटीहून पायी गेले की, फोर्टातले मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई टॉवर.

या इमारतीची गोष्ट विद्यापीठात शिकलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीत मोठे झालेले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले आणि पुढे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, बाजार कोसळला आणि प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. पण देणगी देऊन झाली होती. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुशिल्पकाराने आराखडा केला, १८७८ साली टॉवर पुरा झाला आणि त्याला प्रेमचंदांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव मिळाले. पैसा बुडाला, ग्रंथालय उरले.

मी त्या वाचनकक्षात पहिल्यांदा गेले तेव्हा रंगीत काचांतून येणारे ऊन टेबलावर पडले होते. मी डबा पायाशी ठेवला आणि चिठ्ठी भरून दिली. पुस्तक हातात येईपर्यंत जो वेळ गेला त्यात माझ्या मनात एकच विचार होता, परतीची गाडी. दिवसाचे चार-पाच तासच काय ते वाचायला मिळत. पाने भराभर उतरवून घ्यायची, परवडतील तेवढ्या पानांची झेरॉक्स काढायची आणि संध्याकाळच्या गर्दीत उभ्याने घरी यायचे. एकदा मुंबईतल्या एका ग्रंथालयात हवा तो अंक कुणाकडे तरी गेलेला निघाला. पाच तासांचा प्रवास फुकट गेला. आसनगाव येईपर्यंत मी रागाने घुमसत होते. यजमान म्हणाले, “अंक नाही मिळाला, पुढच्या खेपेला मिळेल.” त्यांना वाटले तितके ते सोपे नव्हते. पुढची खेप म्हणजे आणखी एक रजा होती.

गंमत अशी, की मी लोकलचे दांडे धरून प्रवास करत होते त्याच १९९१ साली दोन गोष्टी सुरू झाल्या होत्या आणि मला त्यांचा पत्ता नव्हता. अमेरिकेत पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने एक सोय केली. शास्त्रज्ञांनी आपले लेख छापून येण्याआधीच संगणकावर ठेवावेत आणि कुणीही ते फुकट वाचावेत. ‘अर्काइव्ह’ या नावाने ती आजही चालू आहे. आणि आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने देशातली ग्रंथालये एकमेकांना जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या पंखाखाली तो आरंभी वाढला. त्याचे नाव ‘इन्फ्लिबनेट’. १९९६ साली तो स्वतंत्र झाला आणि आज त्याचे मुख्यालय गांधीनगरला आहे.

या इन्फ्लिबनेटने २०१० साली कॉलेजांसाठी ‘एन-लिस्ट’ नावाची योजना आणली. हजारो नियतकालिके आणि लाखभर इलेक्ट्रॉनिक पुस्तके, अनुदानित कॉलेजांना अगदी नाममात्र खर्चात. त्यातली खरी मेख वेगळीच होती. कॉलेजने ज्याचे नाव कळवले त्याला स्वतःचा पासवर्ड मिळे. एकदा पासवर्ड मिळाला की आवाराची अट नाही. घरी बसा, गाडीत बसा, दार उघडते. १९९१ साली मला कुणी हे सांगितले असते तर मी हसले असते.

*

म्हणून त्या संध्याकाळी मी मुलीला ठामपणे सांगितले, “अगं, कॉलेजचा पासवर्ड असतो. तुझा कुठाय?”

“कसला पासवर्ड?” ती म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात मी तिच्याबरोबर कॉलेजात गेले. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी तिथे पाऊल ठेवत होते. माझ्या जागेवर अजून कायमचा माणूस आलेला नाही. कार्यालयातला एक तरुण लिपिक बिचारा आपले काम करून ग्रंथालय उघडतो. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझ्याच कपाटातली फाइल माझ्यापुढे ठेवली. वर माझ्याच अक्षरात लिहिले होते, ‘एन-लिस्ट, सभासद यादी’.

यादीत २२ नावे होती. सगळी प्राध्यापकांची. विद्यार्थ्यांच्या रकान्यात मी एक आडवी रेघ मारली होती.

ती रेघ मारल्याचे मला आठवते. परिपत्रकात विद्यार्थ्यांचीही नावे कळवा असे होते. आमची मुले आदिवासी आणि कुणबी घरांतली, इंग्रजीला बुजणारी. मी मनाशी म्हटले, ही मुले कुठे वाचणार आहेत संशोधनाचे लेख? पाच-सहाशे नावे टंकून पाठवायची, दर वर्षी बदलायची, पासवर्ड हरवले की पुन्हा मीच निस्तरायचे. परीक्षेचे दिवस होते. पुढच्या वर्षी बघू म्हणून रेघ मारली. ते पुढचे वर्ष निवृत्तीपर्यंत आले नाही.

एका गाडीला उशीर झाला म्हणून १९९१ साली जिने रेल्वेला, ग्रंथालयाला आणि नशिबाला बोल लावला होता, तिने स्वतःच्या टेबलावर बसून कितीतरी मुलांची गाडी चुकवली होती. योजना होती, अनुदान होते, यंत्रणा होती. दार उघडे होते. ते उघडे आहे हे सांगायचे काम माझे होते आणि तेवढेच झाले नव्हते. मुलगी शेजारी उभी राहून यादी वाचत होती. ती काही बोलली नाही. तिने विचारले असते तर बरे झाले असते.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथपालाच्या अभ्यासाची सुरुवातच त्यांनी होते. पुस्तक वापरण्यासाठी असते आणि प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, अशा आशयाचे ते साधे नियम. मी ते परीक्षेत नीट लिहिले होते, गुणही चांगले मिळाले होते. वाचक कोण हे ठरवण्याचा अधिकार ग्रंथपालाला त्यांपैकी एकही नियम देत नाही, हे मात्र मला त्या फाइलपुढे बसल्यावर समजले.

*

त्याच दिवशी आम्ही मुलीचे नाव पाठवले. काही दिवसांनी तिला पासवर्ड आला. पाड्यावर मोबाइलला रेंज नसते, म्हणून लोकल सुटायच्या आधी ती फलाटावरच्या बाकावर बसून लेख उतरवून घेऊ लागली. पाण्यावरचे, डोंगरी शेतीवरचे, स्थलांतरावरचे कितीतरी लेख तिला मिळाले. पण तो मूळ लेख, ३९ डॉलरवाला, त्या योजनेत नव्हताच.

आता इथे चोरवाटही असते, हे मला तिच्याच वर्गमित्राकडून कळले. अलेक्झांड्रा एल्बाक्यान या कझाकस्तानच्या तरुणीने २०११ साली ‘साय-हब’ हे संकेतस्थळ काढले आणि जगभरातले कुलूपबंद लेख फुकट खुले केले. प्रकाशकांनी २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि २०२५ साली भारतात ते संकेतस्थळ रोखण्याचा आदेश झाला. मी जुन्या वळणाची बाई. दुसऱ्याच्या कुंपणावरून उडी मारायला मी मुलीला सांगितले नाही. पण भिंतीला इतकी माणसे एकदम उडी मारू लागली की भिंतीच्या उंचीचाही विचार व्हायला हवा, एवढे मला नक्की वाटते.

आम्ही सरळ वाट धरली. सारांशाच्या खाली लेखिकेचा ई-मेलचा पत्ता होता. आम्ही दोघींनी मिळून पत्र लिहिले. मी कसाऱ्याजवळच्या पाड्यावर राहते, याच विषयावर प्रकल्प करते, लेख विकत घेणे मला शक्य नाही. चौथ्या दिवशी उत्तर आले, सोबत संपूर्ण लेख. मुलीचा प्रकल्प झाल्यावर आपल्यालाही वाचायला आवडेल असे लेखिकेने आवर्जून कळवले होते. ज्याने कष्टाने काही लिहिले त्याला वाचक हवाच असतो. कुलूप लेखकाने लावलेले नसते, हे पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊकच नसते.

मग आमच्या ओट्यावर वाचन सुरू झाले. इंग्रजी अवघड होते. तिच्याजवळ मोबाइलमधला शब्दकोश, माझ्याजवळ जुना जाडजूड. एक परिच्छेद वाचायचा, मराठीत एकमेकींना सांगायचा, मग पुढे जायचे. आईही पाटी खाली ठेवून बसू लागली. “काय म्हणते ती?” असे मध्येच विचारायची. लेख चांगला होता, कळवळ्याने लिहिलेला होता. पण शेवटच्या तक्त्यापाशी मुलगी थांबली. तिने बोट ठेवून पुन्हा पुन्हा पाहिले.

“मॅडम, यात गावाचं नाव आहे. आमचा पाडा नाही.”

आमच्या भागात महसुली गाव एक आणि त्याचे पाडे लांब लांब विखुरलेले असतात. कागदावर सगळे मिळून एकच नाव. गावठाणाच्या विहिरीला मे महिन्यात थोडे तरी पाणी असते. पाड्याच्या विहिरीचा तळ दिसतो. गावाच्या नावावर विहिरीची नोंद झाली की पाड्याची तहान त्या नोंदीत बुडून जाते. हे मुलीला सांगायला कुणी प्राध्यापक लागला नाही. तिची आई रोज हंडा घेऊन ते अंतर चालते. तिने आपल्या प्रकल्पाचा विषय तिथल्या तिथे पक्का केला. गाव नव्हे, पाडा मोजायचा.

आईच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला तेव्हा मिळाले. आपल्याविषयी काय लिहिले आहे ते वाचायला मिळाले, तरच त्यात काय राहून गेले ते सांगता येते. वाचायलाच मिळाले नाही तर दुसऱ्याने लिहिलेलेच कायम होते.

*

आज परिस्थिती माझ्या काळापेक्षा फार चांगली आहे, हे मान्य केले पाहिजे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक देश, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था, आणि १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक, संशोधक. तीन वर्षांसाठी तरतूद ६ हजार कोटी रुपयांची. कामकाज इन्फ्लिबनेटकडेच. पूर्वी प्रत्येक ग्रंथालय प्रकाशकापुढे एकेकटे उभे राहायचे, आता सगळा देश मिळून भाव करतो. यात शहाणपण आहे.

पण मी घरखर्चाचा हिशेब ठेवणारी बाई आहे. ६ हजार कोटींना तीन वर्षांनी आणि मग १ कोटी ८० लाखांनी भागले तर माणशी वर्षाला अकराशे रुपयांच्या आसपास येतात. लायक विद्यार्थ्याच्या नावाने सरकार एवढा पैसा भरते. त्याने एकही लेख उघडला नाही तरी तो पैसा गेलेलाच असतो. शिवाय पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्था घेतल्या आहेत. खासगी व्यवस्थापनाची कॉलेजे पुष्कळ असलेल्या महाराष्ट्रात ही ओळ काळजीपूर्वक वाचावी लागते. धरण भरले ही बातमी खरीच असते. ती वाचणाऱ्या पाड्यावर नळ आला आहे का, ते वेगळे विचारावे लागते.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानात मोफत वाचनालयांचे जाळे विणले. जिथे वाचनालय नाही तिथे पेट्यांत भरून पुस्तके पाठवण्याची फिरती ग्रंथालये सुरू केली. पेटी गावात पोहोचली, उघडली, वाचली गेली आणि परत आली, तरच काम झाले. आपल्या आजच्या पेटीत १३ हजार नियतकालिके आहेत. ती पेटी उघडून देणारा माणूस मात्र पुष्कळ कॉलेजांत नेमलेलाच नाही. यंत्र स्वस्त झाले आणि माणूस महाग झाला, असा काहीतरी हिशेब कुठेतरी मांडला गेला आहे.

तुमच्या घरात कुणी कॉलेजात जात असेल तर एक करा. आज जेवताना त्याला किंवा तिला विचारा, ग्रंथालयाचा पासवर्ड मिळाला आहे का? नसेल तर उद्या जाऊन मागायला सांगा. तो उपकार नाही, तुमच्या करातून त्याचे पैसे गेलेले आहेत. काही दारांना तर पासवर्डही लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर ठेवले जाऊ लागले. तिथे लाखो प्रबंध आहेत आणि कुणीही वाचू शकते. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण झाले. तिथे फुकट नाव नोंदवता येते. आपला मराठी विश्वकोशही ऑनलाइन मोकळा आहे. इंग्रजीची धास्ती घेतलेल्या मुलाला आधी तिथे न्यावे आणि मग इंग्रजी लेखाकडे वळवावे. हे मी आता अनुभवाने सांगते.

*

यजमान या सगळ्या काळात ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचत बसलेले असायचे. एकदा ते म्हणाले, “तुझं काम आमच्या बँकरसारखं. गाडी घाट चढली की आम्ही इगतपुरीला सुटणार. पुढे गेलेल्या उतारूला मागे कोण होतं ते कळत पण नाही. पण आम्ही लागलोच नाही तर गाडी कसाऱ्यालाच उभी.” माझी आडवी रेघ त्यांना मी सांगितली होती. त्यांनी त्यावर एवढेच म्हटले, “मग आता लाव की.”

मुलीने प्रकल्प पुरा केला. मराठीतच लिहिला. सोबत दोन पानांचा इंग्रजी सारांश जोडला आणि तो त्या लेखिकेला पाठवून दिला. पाड्याच्या विहिरीचे माप, महिन्यावार, तिच्या आईने सांगितल्याप्रमाणे त्यात आहे. एका संध्याकाळी तिने तो सगळा आईला वाचून दाखवला. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “फेब्रुवारीत पण तिथं पाणी गढूळ असतं. ते नाय लिहिलंस.” मुलीने पेन काढले आणि समासात लिहून घेतले.

परवा ती पुन्हा आली. हातात वहीचे पान होते. तिच्या मागून एम.ए.ला आलेल्या चौदा मुलामुलींची नावे, वर्ग आणि ई-मेल, सुवाच्य अक्षरात. खर्डी, आटगाव, उंबरमाळीकडची मुले. कॉलेजातल्या लिपिकाशी ती बोलून आली होती. यादी टंकून द्यायला कुणी असेल तर तो पाठवायला तयार आहे.

सोमवारची सकाळची लोकल आम्ही ठरवली आहे.